जुना शिपाई, त्याचें वय आणि अपंगत्वाची पेन्शन

आमचा शेतकरीवर्ग व सैन्य यांचा संबंध जुना आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी व अहिल्यानगर या जिल्ह्यांत एक भाऊ नांगरामागें व दुसरा पलटणींत, अशीं घरें गांवोगांव आढळतात. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे हें गांव तर ‘मिलिटरी अपशिंगे’ या नांवानेंच ओळखलें जातें. शिपाई बहुधा पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास सेवामुक्त होतो व उरलेलें आयुष्य शेतींत घालवितो. नोकरींत जडलेलें दुखणें तो शेतावर घेऊन येतो, आणि त्याच्या भरपाईचा प्रश्न साऱ्या कुटुंबाचा होऊन बसतो. म्हणून या विषयाचा विचार या मासिकांत करणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

या बाबतींत दोन समजुती प्रचलित आहेत. एक अशी कीं, वय झाल्यावर हक्क सरतो. सत्तरीच्या माणसानें आतां काय मागावें? दुसरी याच्या उलट, कीं म्हातारपणीं गुडघे धरले म्हणजे जुन्या शिपायास अपंगत्वाची पेन्शन मिळालीच पाहिजे. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. वयामुळें हक्क निर्माण होत नाहीं, तसा तो बुडतही नाहीं. वयाबरोबर जुना होतो तो पुरावा. ही गोष्ट नीट समजण्यासाठीं शिपायाच्या तीन वयांचा निरनिराळा विचार केला पाहिजे.

पहिलें वय भरतीच्या वेळचें. वैद्यकीय तपासणींत उतरल्यावांचून कोणासही सैन्यांत घेत नाहींत. पुढें रोग जडल्यास ‘हा प्रकृतीचा दोष, नोकरीचा संबंध नाहीं’ असा शेरा मारून मागणी फेटाळण्याचा प्रघात होता. नऊ वर्षें नोकरी केलेल्या एका शिपायास फेंपऱ्याच्या विकारामुळें घरीं पाठविलें व पेन्शन नाकारली. तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. २०१३ सालीं न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, भरतीच्या कागदांत दोषाची नोंद नसेल तर तो मनुष्य त्या वेळीं निरोगी होता असें धरावें, आणि रोगाचा नोकरीशीं संबंध नाहीं हें सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहावा. म्हणजे तरुण वयांतील ती तपासणी शिपायाचा पहिला साक्षीदार होय.

दुसरें वय सेवामुक्तीच्या वेळचें. त्या वेळीं वैद्यकीय मंडळ दोन गोष्टी ठरवितें: दुखणें नोकरीमुळें उद्भवलें किंवा बळावलें काय, आणि अपंगत्व किती टक्के आहे. टक्के ठरवितांना त्याच वयाच्या निरोगी माणसाशीं तुलना करावयाची असते. याचा अर्थ असा कीं, वयोमानानें प्रत्येकास येणारा अशक्तपणा यांत धरला जात नाहीं. त्याहून अधिक जें उणें झालें असेल तेंच मोजलें जातें. पेन्शनसाठीं अपंगत्व निदान २० टक्के असावें लागतें. १९९६ पासून ज्यांस अपंगत्वामुळें मुदतीपूर्वीं घरीं पाठविलें त्यांच्यासाठीं ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५०, ५० ते ७५ पर्यंतचें ७५, व त्यावरील १०० धरावें असें ठरलें. मुदत पुरी करून अपंगत्वासह निवृत्त झालेल्यांसही हा लाभ द्यावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ च्या डिसेंबरांत दिला. हिशेब पाहावयाचा तर १०० टक्के अपंगत्वास अखेरच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. त्या प्रमाणांत २० टक्क्यांस ६ येतात, पण ५० धरल्यास १५ होतात. हा फरक लहान शेतकऱ्याच्या घरांत लहान नव्हे.

येथें एक सूचना करणें जरूर आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम अमलांत आले आहेत. त्या दिवशीं किंवा त्यानंतर सेवामुक्त झालेल्यांस ते लागू आहेत. तत्पूर्वींच्यांची प्रकरणें त्यांच्या वेळच्या नियमांवरून पाहावयाचीं. शेजाऱ्यास मिळालें तेवढेंच आपणांस मिळेल असें म्हणून कोणीं निश्चिंत राहूं नये.

तिसरें वय मागणी करण्याच्या वेळचें, आणि बहुतेकांचें नुकसान येथेंच होतें. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हीं असे वृद्ध शिपाई पुष्कळ पाहिले. पाय नोकरींत मोडलेला, हें साऱ्या गांवास ठाऊक. परंतु इस्पितळाचा कागद वाळवीनें खाल्लेला, बरोबरीचा साक्षीदार निवर्तलेला, आणि मध्यंतरीं तीस वर्षें शेतीचें काम केलेलें. अशा वेळीं डॉक्टरानें विचारलें कीं, हें दुखणें पलटणींतलें कीं नांगरावरचें, तर त्याचें उत्तर द्यावें कशानें?

रोग सेवामुक्तीनंतर प्रकट झाला तरी मागणी अजिबात अशक्य नसते. १९८२ च्या नियमांत अशी तरतूद होती कीं, नोकरीच्या परिस्थितीनें ज्याचें मूळ धरलें होतें असा रोग नंतर सात वर्षांच्या आंत दिसून आल्यास तो नोकरीमुळें झालेला मानतां येई. पण तो संबंध वैद्यकीय पुराव्यानें दाखवावा लागे.

उशिराचा दुसरा तोटा थकबाकीचा. १९८३ सालीं सेवामुक्त झालेला एक शिपाई सोळा वर्षांनीं न्यायालयांत गेला. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचा हक्क मान्य केला, पण थकबाकी मात्र अर्जापूर्वींच्या तीनच वर्षांची देवविली. हक्क राहिला, मागील तेरा वर्षांचा पैसा गेला. फेरफाराची नोंद वेळेवर न केल्यास जमीन जात नाहीं, पण वारसांस हेलपाटे पडतात. त्यांतलाच हा प्रकार समजावा.

वयामुळें निश्चित लाभ होतो तो एके ठिकाणीं. ८० वर्षें पुरीं झाल्यावर पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते. ८५ व्या वर्षीं ती ३०, ९० व्या वर्षीं ४०, ९५ व्या वर्षीं ५० व शंभराव्या वर्षीं १०० टक्के होते. परंतु ही वाढ कागदावरील जन्मतारखेवरून मिळते. आमच्याकडे शाळेंत घालतांना मास्तरांनीं १ जून ही तारीख घातलेलीं मुलें असंख्य. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम व आधार कार्ड यांत तीन तारखा असतील, तर ऐंशीव्या वर्षीं तंटा ठेवलेलाच. साठीच्या आंत हें जुळवून घ्यावें, व त्याच खेपेस पत्नीचें नांव व तिची जन्मतारीखही तपासावी. पुढें कुटुंबाची पेन्शन त्यावरच चालते.

तेव्हां करावें काय? डिस्चार्ज बुक, वैद्यकीय मंडळाचा अहवाल, इस्पितळाचे कागद व पेन्शनचा हुकूम यांच्या दोन-दोन नकला काढून सातबाराच्या उताऱ्यांबरोबर पेटींत ठेवाव्या. कागद हरवले असल्यास आपल्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे लेखी मागणी करावी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचें बेळगांव येथें व महार रेजिमेंटचें सागर येथें आहे. अर्ज कसा लिहावा हें जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत सांगतात. मागणी फेटाळली गेल्यास खात्यांत अपील करावें. त्यापुढें २००७ च्या कायद्यानें स्थापन झालेलें सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे व त्याचें एक पीठ मुंबईस आहे. प्रत्येक अर्जाची पोंच घ्यावी व ती जपून ठेवावी.

घरांत जुना शिपाई असेल तर मुलांनीं व सुनांनीं हें काम या पावसाळ्यांत, शेतीचीं कामें थंडावलीं कीं, हातीं घ्यावें. म्हाताऱ्यास सर्व प्रसंग तारीखवार आठवत आहेत, तोंवरच तें सोपें आहे.