प्लॉटवर पाया खणण्यापूर्वी

भंडारा हा धानाचा जिल्हा. येथे गावाबाहेरचा प्लॉट म्हणजे बहुधा कालची बांधीच. काळी चिकण माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभारलेली भिंत तडकली की दुकानासह घर बांधणाऱ्याची आयुष्यभराची जमा धोक्यात येते. म्हणून आम्ही व्यापारी व कारागीर बांधवांना पुढील गोष्टी सुचवितो.

प्रथम सातबारा पाहून सरकारी मोजणी करून घ्यावी. वैनगंगेची पूररेषा तपासावी. निळी रेषा २५ वर्षांतून, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते. ऑगस्ट २०२० अखेर भंडारा शहरात पाणी शिरले होते, हे विसरू नये.

मग झुडपे मुळासकट काढून वरची अर्धा-एक फूट माती खरवडावी. खड्डा खणून कठीण मुरूम किती खोल लागतो ते पाहावे व पाया तेथवर न्यावा. भरावावर भिंत कधीही उचलू नये. जोत्यातील भराव मुरमाचाच, सहा ते नऊ इंचांच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसून घालावा. एकदम ओतलेला भराव पुढे बसतो आणि फरशी खचते. जोते रस्त्याहून उंच ठेवावे. भरावात वाचविलेला पैसा शेवटी फरशी उखडण्यातच जातो.