होडीच्या ट्रॉलीला ब्रेक कोण लावणार?

पनवेलहून हार्बरची लोकल पकडून रे रोडला उतरा आणि पूर्वेला, बंदराच्या बाजूला चालू लागा. दारूखाना, लाकडी बंदर अशी जुनी नावे दुकानांच्या पाट्यांवर दिसू लागतील. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्या नावाचे हे स्टेशन. जुनी जहाजे मोडण्याचा धंदा दारूखान्यात अनेक वर्षे चालत आला. आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ २०१४ साली इथेच मोडीत निघाली. त्यामुळे साखळ्या, शॅकल, कप्प्या, तारदोर आणि लोखंडी चॅनेल घ्यायचे तर आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला रे रोड आठवते.

होडीची ट्रॉली बांधायची म्हटली की यादी ठरलेली असते. दोन चॅनेल, जुन्या गाडीचा ॲक्सल, दोन टायर, पुढे हुक आणि होडी ओढून घ्यायला हातविंच. गावचा वेल्डर जोडून देतो आणि झाली ट्रॉली! पण वाचकहो, या यादीत ब्रेक कुठे आहे?

वजन कुठे जाते?

फायबरची लहान होडी, मागचे इंजिन, पेट्रोलचे कॅन, जाळी आणि खुद्द ट्रॉली यांचे वजन एक टनाच्या घरात सहज जाते. ते ओढायला पिकअपला जड जात नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. थांबवायचे मात्र सगळे वजन पिकअपच्याच चार चाकांना.

थोडा हिशेब करू. एक टनाची ट्रॉली २०० मीटर उंचीचा घाट उतरली, तर तिच्या वजनामुळे तयार होणारी उष्णता सुमारे सहा लिटर पाणी उकळायला पुरेल. चालक फक्त ब्रेकवर उतरत असेल, तर यातली बहुतेक उष्णता पिकअपच्या ब्रेकमध्ये जाते, आणि पिकअपची स्वतःची उष्णता वेगळीच. लायनर तापले की पकड सुटते. पेडल दाबावे तेवढे दाबले जाते आणि गाडी काही थांबत नाही. वेगाचेही तसेच. ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटरने निघालात तर वेग दीडपट होतो, पण थांबवायला लागणारी ताकद सव्वादोन पट. कार्ले खिंडीत पुढे एसटी अचानक थांबली तर मागची ट्रॉली पिकअपला ढकलते, आणि रस्ता ओला असेल तर आडवी फिरते.

ब्रिटन आणि युरोपातल्या देशांत एकूण ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. त्यामागचे कारण हेच.

विजेचा ब्रेक चालतो कसा?

बाहेरून तो नेहमीच्या ड्रम ब्रेकसारखाच दिसतो. आत तेलाच्या सिलिंडरऐवजी एक विद्युतचुंबक असतो. चालकाने ब्रेक दाबला की केबिनमधला कंट्रोलर चुंबकाला करंट देतो. चुंबक फिरत्या ड्रमच्या आतल्या बाजूला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो आणि एका दांड्याच्या जोरावर लायनर ड्रमवर दाबतो. जेवढा करंट जास्त तेवढा दाब जास्त. बारा व्होल्टवर एका चाकाला साधारण तीन ते चार अँपिअर करंट लागतो.

याचा मोठा फायदा असा, की कंट्रोलरवरचा खटका हाताने दाबून फक्त ट्रॉलीचे ब्रेक लावता येतात. ट्रॉली मागे डुलू लागली तर ती याने सरळ येते. दुसरे, ट्रॉलीवर एक छोटी बॅटरी आणि पिन असलेला स्विच बसवतात. हुक तुटून ट्रॉली सुटलीच तर पिन निघते आणि ब्रेक आपोआप लागतात. या पिनची दोरी पिकअपच्या चासीला बांधायची. हुकाला बांधली तर हुकाबरोबर तीही जाईल.

मात्र करंट नाही तर ब्रेक नाही. उभ्या ट्रॉलीला हा ब्रेक हँडब्रेकचे काम देत नाही. चाकाखाली लाकडी ठोकळा लावायलाच हवा.

दोन अडचणी

पहिली अडचण भाड्याच्या गाडीची. ट्रॉली तुमची आणि पिकअप रोज वेगळ्याची, असे असेल तर विजेचा ब्रेक कामाचा नाही, कारण कंट्रोलर पिकअपमध्ये बसतो. तुमच्या हुकावर धक्क्याचा ब्रेक बसवा. पिकअप हळू झाली की ट्रॉली पुढे दाबते, हुकातला दांडा आत सरकतो आणि तेलाच्या दाबाने चाकांचे ब्रेक लागतात. पिकअपमध्ये काहीच जोडावे लागत नाही. फक्त गाडी मागे घेताना ब्रेक अडू नये म्हणून त्याची कळ आठवणीने लावायची, आणि लांब उतारावर हा ब्रेक सतत घासतो हे ध्यानात ठेवून खालच्या गिअरमध्ये उतरायचे. स्वतःची गाडी असेल आणि घाटाची वाट असेल, तर विजेचा ब्रेक चांगला.

दुसरी अडचण खाऱ्या पाण्याची. होडी उतरवताना चाके समुद्रात जातात आणि चुंबक, स्प्रिंगा, तारांचे जोड सगळे गंजू लागते. रस्त्याने येऊन तापलेला ड्रम एकदम पाण्यात घातला तर आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी बेअरिंगपर्यंत ओढले जाते. म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटे थांबा, विजेचा प्लग काढा, मग ट्रॉली उतरवा. घरी आल्यावर ड्रम आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात होडी शाकारून ठेवता तेव्हा ट्रॉलीची चाके उतरवून लायनर, चुंबक आणि बेअरिंग पाहून घ्या.

रे रोडला जाल तेव्हा

ॲक्सल घेताना चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेकची प्लेट बसवायची फ्लँज आहे का, ते पाहा. नसेल तर ती ॲक्सलला काटकोनात वेल्ड करावी लागते. ते काम चांगल्या फिटरकडूनच करून घ्या. जिथे बेअरिंग बसते तिथे बोट फिरवा. खड्डे किंवा ओरखडे लागले तर तो ॲक्सल सोडून द्या. जुने बेअरिंग खिशात घेऊन जा, म्हणजे ड्रम त्याच मापाचा मिळेल.

लोखंड जुने चालेल. पण लायनर, चुंबक, सील आणि बेअरिंग नवेच घ्या, तिथे भाव करून चार पैसे वाचवू नका. वायर तांब्याची, किमान ४ चौरस मिलिमीटरची असावी. बारीक वायरीतून चुंबकाला करंट कमी पोचतो आणि मग ब्रेकच वाईट अशी तक्रार होते. दोन्ही चाकांच्या तारा वेगवेगळ्या न्या, आणि परतीची तार चासीवर न सोडता बॅटरीपर्यंत आणा. गाडी १२ व्होल्टची की २४ व्होल्टची, ते आधी बघा. हुकाजवळ दोन साखळ्या एकमेकींवर आडव्या घालून जोडा.

पहिली चाचणी

रिकाम्या मैदानात ताशी ३० किलोमीटरने जा आणि फक्त ट्रॉलीचा ब्रेक लावा. चाके घसटली तर करंट कमी करा, काहीच जाणवले नाही तर वाढवा. मग होडी भरून पुन्हा पाहा, कारण रिकाम्या आणि भरल्या ट्रॉलीचे माप वेगळे.

कागदपत्रांचेही बघा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. म्हणून वेल्डिंगला हात घालण्याआधी आराखडा घेऊन आरटीओत जा आणि नोंदणीचे काय करावे लागेल ते विचारा. अपघात झाला तर विमावालाही हेच विचारणार.

होडीवर लाखो रुपये घालणाऱ्याला ब्रेकचा खर्च जड वाटतो, हे खरे. पण पिकअपमागे निघालेली ट्रॉली एकट्या मालकाची उरत नाही. समोरून दुचाकीवर बाजाराला निघालेले कुटुंब येत असते आणि एसटीच्या थांब्यावर शाळेची पोरे उभी असतात. रे रोडची यादी करताना पहिल्या ओळीवर ब्रेक लिहा, मग चॅनेल, टायर आणि विंच.