थेंबाने रोजा तुटत नाही, पण...

रात्री तरावीह, पहाटे सहेरी, दिवसा परभणीचे चढते ऊन आणि धूळ. झोप अपुरी पडली, की रोजेदाराचे डोळे लाल होतात. मग मेडिकलमधून लाली घालवणारे थेंब येतात. या थेंबांनी डोळ्यांतील रक्तवाहिन्या आकसतात. लाली झाकली जाते, कारण तसेच राहते. तीन दिवसांहून जास्त वापरल्यास असर उतरताच डोळे आणखी लाल होऊ शकतात. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये. डोळा दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर थेट डॉक्टर गाठावा.

आणि रोजा? डोळ्यात थेंब टाकल्याने तो तुटत नाही, असे हनफी उलेमा सांगतात. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही १९९७ मध्ये हेच ठरवले. अट एकच, घशात आलेले गिळू नये. थेंब टाकून डोळा मिटावा, नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबावा; औषध घशात कमी उतरते.

काचबिंदूच्या रुग्णांनी लालीचे थेंब डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. मात्र काचबिंदूचे रोजचे थेंब रोजाच्या धास्तीने बंद करू नयेत. त्या आजारात गेलेली नजर ईदनंतरही परत येत नाही.