घरगुती इंटरनेट : गरजेचा हिशेब, खर्चाची बचत

भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमाच्या त्या सेवेचा लाभ त्या वेळी मोठ्या शहरांतील मोजक्या ग्राहकांपुरताच मर्यादित होता. आज सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल आणि मुलांचा अभ्यास या सर्वांसाठी इंटरनेटची गरज भासते. साहजिकच वीज आणि किराणा यांच्या जोडीला हा खर्चही कुटुंबाच्या अंदाजपत्रकात कायमचा येऊन बसला आहे. मात्र किराण्याची यादी ज्या बारकाईने तपासली जाते, तितक्या बारकाईने हा खर्च क्वचितच तपासला जातो. बेताची मिळकत असलेल्या घरात पैशांची ओढाताण झाली की कोणाचे तरी रिचार्ज लांबणीवर पडते; तो फोन मुलांच्या अभ्यासाचा असेल, तर नुकसान पैशांत मोजता येत नाही. यास्तव येथे अभिप्रेत असलेली काटकसर सेवा बंद करण्याची नव्हे, तर ती अखंड चालू राहावी म्हणून करावयाची आहे.

हिशेब वर्षाचा मांडावा

मोबाईलच्या अनेक योजनांची मुदत २८ दिवसांची असते. ग्राहक तिला महिना समजतो. परंतु १३ वेळा २८ म्हणजे ३६४ दिवस. म्हणजेच वर्षाला १२ नव्हे, तर १३ रिचार्ज करावी लागतात. या संदर्भात भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांची किमान एक योजना आणि दरमहा त्याच तारखेस नूतनीकरण होणारी किमान एक योजना उपलब्ध करून द्यावी, असे त्याने बंधनकारक केले. दोन योजनांची तुलना करताना किमतीला मुदतीच्या दिवसांनी भागावे आणि एका दिवसाचा दर काढावा. स्वस्त काय आणि महाग काय, हे मग आपोआप स्पष्ट होते.

घरातील ब्रॉडबँड जोडणीच्या जाहिरातीतील दरात पुष्कळदा १८ टक्के वस्तू व सेवा कर धरलेला नसतो. दरमहा ५०० रुपयांची योजना प्रत्यक्षात ५९० रुपयांना, म्हणजे वर्षाला ७,०८० रुपयांना पडते.

एकाच सेवेचे दुहेरी मोल

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका घरात चार मोबाईल आहेत आणि प्रत्येकाचे २८ दिवसांचे रिचार्ज ३५० रुपयांचे आहे. वर्षाचा खर्च १८,२०० रुपये झाला. त्यात वरील ब्रॉडबँड जोडणी घेतली, तर एकूण २५,२८० रुपये होतात. घरातील दोन व्यक्ती बहुतेक वेळ घरीच असतील, तर त्यांच्या मोबाईलवरील रोजचा डेटा वापराविना वाया जातो. ते दोन फोन २०० रुपयांच्या लहान योजनेवर आणले, तर वर्षाला ३,९०० रुपये वाचतात आणि कोणाचीही गैरसोय होत नाही.

मात्र याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ही बचत केल्यानंतरही त्या घराचा खर्च २१,३८० रुपये, म्हणजे ब्रॉडबँड नसतानाच्या खर्चापेक्षा ३,१८० रुपयांनी अधिकच राहतो. तात्पर्य, ब्रॉडबँड ही स्वतः बचत नव्हे. मोबाईलचा डेटा घरातील अभ्यासास वा कामास अपुरा पडत असेल, तरच ती जोडणी घ्यावी. आणि घेतल्यावर मोबाईलवरील खर्च जाणीवपूर्वक कमी करावा.

घरातील वडीलधारी मंडळी इंटरनेट वापरत नसतील, तर त्यांच्यासाठी डेटाचे पैसे भरण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियमांत दुरुस्ती करून केवळ संभाषण व संदेश यांसाठी स्वतंत्र रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले. अशा विशेष रिचार्जच्या मुदतीची कमाल मर्यादाही ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढविण्यात आली.

वेग किती असावा?

जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाईलचा आकार मेगाबाईटमध्ये मोजतात. एका बाईटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे ४० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर सेकंदाला ५ मेगाबाईट मजकूर उतरतो आणि ३०० मेगाबाईटची फाईल मिनिटभरात येते. सुस्पष्ट चित्रफीत पाहण्यास साधारणपणे ५ मेगाबिट वेग पुरतो. चौघांनी एकाच वेळी चार चित्रफिती पाहिल्या, तरी २० मेगाबिट लागतील. सामान्य कुटुंबाने ३० ते ४० मेगाबिटची योजना सोडून १०० वा त्याहून अधिक मेगाबिटच्या योजनेसाठी जादा पैसे मोजणे बहुधा अनाठायी ठरते. ‘अमर्याद’ म्हणविणाऱ्या योजनेतही ठराविक वापरानंतर वेग उतरविण्याची अट असू शकते. ती आधीच वाचावी.

वेग कमी पडतो म्हणून महाग योजना घेण्यापूर्वी राउटरची जागा तपासावी. जाड दगडी भिंती, लोखंडी कपाट आणि पत्रा यांमुळे वायफायच्या लहरी अडतात. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर आणि मोकळ्या जागी ठेवल्यास पैसा खर्च न करताही फरक पडतो. दूरच्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्झची लहर उपयुक्त असते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली तरी तिचा पल्ला कमी असतो.

करारापूर्वी आणि करारानंतर

जोडणी घेताना राउटर विकतचा की भाड्याचा, अनामत किती, ती परत केव्हा मिळणार आणि सवलतीचा दर संपल्यावर नेमके किती आकारणार, हे लेखी घ्यावे. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळते. परंतु आधी एक-दोन महिने सेवेचा अनुभव घेणे शहाणपणाचे. तक्रार नोंदविल्यावर तिचा क्रमांक अवश्य टिपून ठेवावा. निराकरण समाधानकारक न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. २०१२ च्या नियमावलीने दिलेल्या या अपिलास शुल्क नाही.

गावाची सामाईक सोय

सर्वच कुटुंबांना स्वतंत्र जोडणी परवडेल असे नाही. ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याच्या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. हाच प्रकल्प पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेनुसार साध्या दुकानदारालाही परवाना वा नोंदणी शुल्काविना सार्वजनिक वायफाय सेवा देता येते. एके काळी चौकातील पीसीओने घरी टेलिफोन नसलेल्यांची गरज भागविली. तोच मार्ग येथेही उपयुक्त ठरू शकतो. पंचायत सदस्यांनी आपल्या कार्यालयातील जोडणी प्रत्यक्ष चालू आहे की नाही, ती शाळा व वाचनालयापर्यंत नेता येईल काय, हे पाहावे. शिक्षकांनी वर दिलेला हिशेब विद्यार्थ्यांकडून त्यांच्या घरच्या आकड्यांनिशी करून घ्यावा. गणिताचा तो उत्तम धडा ठरेल.

प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एकदा कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : घरात फोन किती, प्रत्येकाची गरज काय आणि वर्षाला रक्कम किती. एवढ्या लहानशा नोंदीतून वाचलेल्या पैशांत मुलांच्या वह्यापुस्तकांची तरतूद होऊ शकेल आणि त्यांच्या अभ्यासाचा फोनही कधी बंद पडणार नाही.