एकाला पगार, दुसऱ्याला जमीन : इस्राएलमधले दोन भारतीय ज्यू समाज

परमुलखात गेलेल्या एखाद्या समाजाने नाव काढले की आपण लगेच त्याच्या अंगच्या गुणांची यादी करतो. माणसे कष्टाळू, काटकसरी, शिक्षणाची ओढ असलेली. तोच समाज मागे पडला, तर आळस, हेकेखोरपणा, जुन्याला कवटाळून बसणे अशी दुसरी यादी तयारच असते. हा हिशेब टिकला आहे तो सोपा आहे म्हणून; त्याचा ताळा सहसा कोणी करून पाहत नाही. करायचा तर असे दोन समाज हवेत, जे एकाच देशातून निघाले, साधारण एकाच काळात एकाच देशात पोचले, धर्माने एक होते आणि यजमानांना रंगरूपाने सारखेच परके वाटले. अशी जोडी 1948 नंतरच्या इस्राएलात सापडते, आणि त्यातला एक समाज तर मराठी बोलणारा आहे. कोकणातून मुंबईत आणि मुंबईतून इस्राएलला गेलेले बेने इस्राएल, आणि केरळातून तिथे गेलेले कोची ज्यू. या दोघांची वाटचाल शेजारी ठेवून वाचली तर माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. समाज बरोबर काय घेऊन गेला यापेक्षा पोचल्यावर त्याच्या हातात काय ठेवले गेले, यावर त्याची पुढची दोन पिढ्यांची स्थिती ठरली.

पार्श्वभूमी भरभर उरकतो, कारण ती पुष्कळांनी लिहिली आहे. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी, ही बेने इस्राएलांची परंपरागत मूळकथा. अलिबाग, पेण, रोहा, रेवदंडा या पट्ट्यात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. आडनावे पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. पुढे कंपनी सरकारच्या पलटणी आल्या, 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, बांधले, आणि मग रेल्वे, टपाल, शाळा, इस्पितळे, सरकारी कचेऱ्या. केरळच्या ज्यूंकडे त्यांचे पुढारी जोसेफ रब्बान यांना साधारण इसवी सन 1000 च्या सुमारास मिळालेला ताम्रपट आहे. मट्टांचेरीचे 1568 चे परदेशी सिनेगॉग पर्यटकांमुळे प्रसिद्ध असले, तरी तिथले ‘परदेशी’, म्हणजे नंतर बाहेरून येऊन स्थायिक झालेले ज्यू, मूठभर होते. बहुसंख्य लोक मलबारी ज्यू म्हणवणारे, एर्नाकुलम, परूर, चेन्नमंगलम, माळा इथे राहणारे. इस्राएल स्थापन झाले तेव्हा भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते आणि कोची ज्यू अडीच हजारांच्या.

त्या वेळी कोणी पैज लावली असती, तर ती बेने इस्राएलांवर लावली असती. त्यांच्यात इंग्रजी शिकलेले कारकून होते, शिक्षक होते, परिचारिका होत्या, रेल्वेच्या कारखान्यांत हात तयार झालेले कारागीर होते, लष्करातले अधिकारी होते. 1937 मध्ये डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. वरळीकडचा रस्ता त्यांच्या नावाने आजही ओळखला जातो. शिस्तीची नोकरी, वेळेवर पगार, चाळीत वा फ्लॅटमध्ये राहणे हे सारे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. कोचीच्या मलबारी ज्यूंकडे यातले फारसे काही नव्हते. त्यांच्यापैकी बहुतेक अंडी, कोंबड्या, मासळी, भाजी, किराणा यांचे छोटे व्यापारी. शेती जवळजवळ कोणाचीच नव्हती, ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. शिवाय त्यांच्या भागात हत्तीपाय रोगाचा प्रादुर्भाव असल्यामुळे इस्राएलच्या आरोग्य खात्याने त्यांच्या प्रवेशावर बंधने घातली होती, आणि त्यांचे मोठे स्थलांतर 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत लांबले. तोवर बेने इस्राएलांची पहिली तुकडी तिथे पोचून जुनी झाली होती. म्हणजे शिक्षण, शहरी सवय आणि वेळ, तिन्ही पारडी बेने इस्राएलांच्या बाजूने झुकलेली.

झाले मात्र वेगळेच, आणि त्याचे कारण मोशाव या संस्थेत आहे. या संस्थेबद्दल मी जरा सैल हाताने लिहिणार आहे, कारण सगळी गोम तिथेच आहे. मोशाव म्हणजे सहकारी शेतकऱ्यांचे गाव. किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक वसाहतीत, मुळात सगळेच सामायिक असे; मोशावात प्रत्येक कुटुंबाचे घर वेगळे, जमिनीचा तुकडा वेगळा, कमाई वेगळी. सामायिक असे ते बियाणे आणि खताची खरेदी, पाण्याचा कोटा, कर्जाची हमी आणि मालाची विक्री. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला ही रचना चटकन कळेल. जमिनीची मालकी सरकारी, पण वहिवाट कुटुंबाची आणि ती पुढच्या पिढीतल्या एका वारसाकडे जाणारी. कोची ज्यूंना नेगेव्हमधले नेवातीम मिळाले, जेरुसलेमच्या पश्चिमेच्या टेकड्यांतली मेसिलात झिओन आणि ताओझ मिळाली, लेबनॉनच्या सीमेवरचे युवाल मिळाले. नेवातीम 1946 मध्ये युरोपीय वसाहतवाल्यांनी उभारले होते. ते टिकले नाही, आणि 1954 पासून कोचीकरांनी ते पुन्हा वसवले. ही कोणाला हवी असलेली जागा नव्हतीच. वाळवंट, खडकाळ उतार आणि धोक्याची सरहद्द हेच नवागतांच्या वाट्याला येत होते. ही भूमी मोकळी पडलेली होती असेही नाही. मेसिलात झिओन बैत महसीर या, आणि युवाल आबिल अल-कम्ह या, 1948 मध्ये उजाड झालेल्या पॅलेस्टिनी गावांच्या जमिनीवर उभे आहे. एकाच्या पुनर्वसनाखाली दुसऱ्याचे विस्थापन गाडलेले असते, हे या हिशेबात नोंदवलेच पाहिजे.

परूरच्या बाजारात अंडी विकणाऱ्या माणसाला ड्रिपच्या नळ्या आणि हरितगृहे कशी जमली? जमली, कारण त्याला ती शिकवणारी यंत्रणा गावातच बसवलेली होती. नवागतांच्या मोशावांवर बाहेरून नेमलेले प्रशिक्षक असत. काय पेरायचे, कधी फवारायचे, पिल्ले किती घ्यायची हे ते सांगत. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ गिल्बर्ट कुशनर यांनी अशाच एका कोची मोशावाचा अभ्यास करून 1973 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यांची तक्रार नेमकी हीच होती की गावाचा कारभार गावकऱ्यांपेक्षा बाहेरचे प्रशासक चालवतात. तक्रार रास्तच आहे. पण प्रशासक एक दिवस गेले आणि जमीन, पाणी, कौशल्य गावातच राहिले. कोंबडीपालनापासून सुरुवात करून काहीजण फुलांच्या शेतीत उतरले आणि युरोपच्या बाजारात पोचले. चेन्नमंगलमहून गेलेले एलियाहू बेझालेल यांनी फुलांच्या निर्यातीत एवढे नाव कमावले की भारत सरकारने त्यांना प्रवासी भारतीय सन्मान दिला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे माणसे एकत्र राहिली. केरळात जे एका सिनेगॉगचे शेजारी होते, त्यांतले पुष्कळसे इथेही शेजारी झाले. लग्न, बारसे, उसनवारी, आजारपण यांसाठी जे जाळे लागते ते प्रवासात तुटले नाही.

बेने इस्राएलांच्या वाट्याला आली ती शहरे, त्यांतली काही नव्याने आखलेली आणि दूरची: बेअरशेवा, दिमोना, येरुहाम, लोद, रामला, अश्दोद. 1955 मध्ये वसवलेल्या दिमोनात पुढे त्यांची एवढी दाट वस्ती झाली की लोक त्याला छोटा भारत म्हणू लागले. तिथे सरकारी घर मिळे, भाड्याचे. काम मिळे, कापड गिरणीत, मृत समुद्राच्या रसायन कारखान्यात किंवा बांधकामावर. मुंबईत टपाल कचेरीत टेबलाशी बसणारा माणूस वाळवंटातल्या गिरणीत पाळी करू लागला. त्याचे इंग्रजी हिब्रू भाषिक कचेरीत चालत नव्हते, त्याच्या मॅट्रिकला तिथे भाव नव्हता. लोदच्या विमान कारखान्यासारख्या ठिकाणी, जिथे इंग्रजी वाचणारे आणि यंत्राची जाण असणारे हात हवे होते, तिथे बेने इस्राएलांचा जम बसला. हा अपवाद माझेच म्हणणे सिद्ध करतो. त्यांचे गुण कुठेही हरवले नव्हते. त्यांना गिऱ्हाईक मिळाले तिथे ते लगेच फळले. आणि पगाराचा दोष असा की तो गिरणीबरोबर जातो. कापडधंदा स्वस्त आयातीपुढे टिकेनासा झाला, तेव्हा वारशाने द्यावे असे गिरणी कामगाराकडे काहीच उरले नाही. मुंबईच्या गिरणगावात हे घडताना आपण पाहिलेच आहे.

सामाजिक बाजूला तफावत आणखी ठळक आहे. 1951 च्या अखेरीस बेअरशेवातून आलेल्या शे-दीडशे बेने इस्राएलांनी तेल अवीवमध्ये धरणे धरले. काम हलके मिळते, रंगावरून हिणवले जाते, आम्हाला परत भारतात पाठवा, अशी त्यांची मागणी. गांधींच्या देशातून आलेल्यांनी उपोषणही केले, आणि 1952 मध्ये त्यांच्यापैकी शंभरावर लोकांना खरोखरच विमानाने मुंबईला पोचवावे लागले. पुढे त्यांतल्या बहुतेकांनी पुन्हा इस्राएलला जाऊ द्या म्हणून खटपट केली, हे वाचून काहीजण हसतात. मला मात्र त्यात दोन्ही घरे हातची सुटलेल्या माणसाची तगमग दिसते. याहून खोल जखम लग्नाच्या प्रश्नाने केली. शतकानुशतके रब्बींविना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंविना, राहिलेल्या या समाजात घटस्फोट आणि विधवाविवाह यांचे ज्यू नियम पाळले गेले होते का, अशी शंका काढून काही रब्बी त्यांची इतर ज्यूंशी लग्ने लावायला नकार देत. 1962 मध्ये प्रमुख रब्बी यित्झाक निस्सीम यांनी आदेश काढला, की बेने इस्राएल वधू-वराच्या आईकडच्या वंशावळीची जमेल तितकी मागे जाऊन चौकशी करावी. समाज रस्त्यावर उतरला. अखेर ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटचे, म्हणजे इस्राएलच्या संसदेचे, खास अधिवेशन भरले, पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले, आणि त्याच महिन्यात रब्बींनी आदेशातला त्यांचा नामोल्लेख वगळला. कोची ज्यूंवर अशी पाळी आली नाही. त्यांची धर्मपरंपरा बाहेरच्या रब्बींना जुन्या काळापासून ठाऊक होती. उलट कोचीत इतर ज्यूंना दुय्यम ठरवणारे ‘परदेशी’ इस्राएलात संख्येने नगण्य ठरले, आणि ज्या भेदाविरुद्ध कोचीचे ज्यू वकील ए. बी. सालेम यांनी मट्टांचेरीत सत्याग्रह केला होता, त्याची धार बरीचशी आपोआप बोथट झाली.

आता आक्षेप. पहिला असा की कोची ज्यू संख्येनेच थोडे, त्यांची सोय लावणे सोपे. हे अर्धे खरे आहे. संख्या कमी म्हणून त्यांना पाच-सहा गावांत बसवता आले. पण मूठभर लोक दहा शहरांत विखुरले असते तर एका पिढीत विरघळून गेले असते. संख्येने सोय दिली, दिशा दिली नाही. दुसरा आक्षेप असा की बेने इस्राएलांना पांढरपेशा नोकरीच हवी होती, मातीत हात घालायची त्यांची तयारी नव्हती. मुंबईच्या कारकुनाचा कल तसा असणार हे मान्य. पण कोचीच्या व्यापाऱ्यालाही शेतीचे प्रेम नव्हते. त्याचे मन बाजारात होते. दोघांना निवड करू दिली असती तर दोघांनीही नांगर नाकारला असता. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. 1980 च्या दशकात इस्राएलात महागाईचा भडका उडाला, 1984 मध्ये ती चारशे टक्क्यांच्या वर गेली, 1985 च्या आर्थिक शिस्तीने व्याजदर चढले आणि कर्जात बुडालेले मोशाव कोलमडले. वारस एकच असल्याने बाकीची मुले शहरांकडे गेली. इकडे बेने इस्राएलांच्या नातवंडांनी हिब्रू शाळा, सैन्यसेवा, तंत्रशिक्षण यांच्या जोरावर अंतर पुष्कळ कमी केले. मग जमिनीचा फायदा उरला कुठे? उत्तर असे की शेती संपली तरी जागा संपली नाही. मोशावातले घर-अंगण आज पर्यटनासाठी, गाळ्यांसाठी, भाड्यासाठी कामी येते. भाड्याच्या सरकारी घरातून असे काही निघत नाही. अंतर कमी झाले, पण ते कापायला एकाला पूर्ण पिढी खर्ची घालावी लागली, हाच तर फरक.

संस्कृतीचा हिशेब मात्र उलटा लागतो, आणि मराठी माणसाला त्याचे अप्रूप वाटावे. गाव असूनही कोचीकरांची मल्याळम पुढच्या पिढीत फार उतरली नाही. त्यांच्या स्त्रियांची मल्याळम गाणी अभ्यासकांनी धावपळ करून टिपून ठेवावी लागली. अपमान सोसलेले बेने इस्राएल मात्र आपल्या खुणा जिद्दीने मिरवू लागले. एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळांचा मलिदा आजही होतो, लग्नाआधी मेंदी लागते, नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात शिजतो. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथे वर्षानुवर्षे निघत आले. ज्याला मान न मागता मिळाला त्याला ओळख ठणकावून सांगावी लागत नाही. ज्याला तो लढून घ्यावा लागला, तो ती सोडत नाही.

म्हणून माझा निष्कर्ष साधा आहे. स्थलांतरित समाजाची लायकी मोजण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: त्याला पिढीजात टिकेल असे काही मिळाले का, त्याची माणसे एकत्र राहू दिली का, आणि त्याचा मान कोणी वादात ओढला का. कोची ज्यूंना तिन्ही बाबतींत अनुकूल दान पडले, बेने इस्राएलांना तिन्हींत कमीअधिक प्रतिकूल. तरीही आज दोन्ही समाज पायावर उभे आहेत, याचे श्रेय त्यांच्या गुणांना जरूर द्यावे. उभे राहायला एकाला जास्त वर्षे लागली, त्याचा दोष मात्र त्या गुणांवर ढकलू नये. तो ज्यांनी वाटप केले त्यांचा आहे.