छर्रे वळण्याचे यंत्र

सायकलच्या दुकानात चाकाचा आस उघडला की कारागीर छर्रे रॉकेलच्या वाटीत टाकतो, पुसतो आणि ग्रीस लावून पुन्हा बसवतो. शेजारी उभ्या पोराचा प्रश्न ठरलेला असतो: इतके गोल छर्रे करतात कसे? ‘साच्यात ओतून’ हे उत्तरही तितकेच ठरलेले, आणि चुकीचे. ओतीव गोळा थंड होताना त्यात बारीक पोकळ्या राहू शकतात. भार आला की तडा तिथूनच जायला लागतो.

छर्र्याचा जन्म तारेच्या वेटोळ्यातून होतो. तार खास पोलादाची, त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि १.५ टक्के क्रोमियम. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये याच जातीच्या पोलादाला ‘ईएन ३१’ म्हणतात. हेडिंग मशीन तारेचा तुकडा तोडते आणि दोन अर्धगोल डायांमध्ये, न तापवता, एका ठोक्यात दाबते. लहान छर्र्यांचे मशीन मिनिटाला असे शेकडो ठोके मारते. बाहेर पडतो तो गोळा मात्र दिसायला अगदीच ओबडधोबड असतो. कमरेभोवती धातूचे कडे, दोन्ही टोकांना टेंगळे. कडे घासून काढतात, मग सुमारे ८४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून गोळे तेलात बुडवतात आणि शेवटी बेताचा शेक देऊन ठिसूळपणा कमी करतात. आता गोळा काचेवर ओरखडा काढण्याइतका कठीण झालेला असतो, पण अजून पुरेसा गोल नसतो.

पुढची करामत कळायला लाडू आठवावा. लाडू वळणाऱ्या तळहाताला गोलाचा आकार कुठे असतो? हात नुसते फिरत राहतात, लाडू क्षणोक्षणी नवी बाजू पुढे करतो आणि जिथे उंचवटा असेल तिथे दाब आपोआप जास्त पडतो. ग्राइंडिंग आणि लॅपिंगची यंत्रे हेच करतात. समोरासमोर दोन जाड तबकड्या, त्यांत समकेंद्री खाचा, एक तबकडी स्थिर आणि दुसरी फिरती. मध्ये हजारो छर्रे. एक फेरी झाली की छर्रे बाहेर येतात, ढिगात मिसळतात आणि पुढच्या फेरीला भलत्याच खाचेत शिरतात. ज्याचा आकार इतरांपेक्षा किंचित मोठा, त्याच्यावर तबकडीचा भार जास्त येतो, म्हणून तोच जास्त झिजतो. मोठ्यांना खाली आणणारी ही समता कोणी देखरेख न करता साधते. त्यातून यंत्राच्या स्वतःच्या खाचांपेक्षाही अचूक वस्तू बाहेर पडते, आणि अभियांत्रिकीत असे वारंवार घडत नाही. ‘जी १०’ या प्रतीच्या छर्र्याच्या गोलाईत जास्तीत जास्त पाव मायक्रॉनची चूक चालते. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो.

बेअरिंगचा इतिहास सांगताना लिओनार्दो दा विंचीला पहिली खुर्ची देण्याची रीत आहे. त्याच्या वहीतली चित्रे सुंदर आहेत यात वाद नाही. वेल्समधल्या फिलिप व्हॉन याने १७९४ मध्ये गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंटही घेतले होते. पण चित्र आणि पेटंट यांनी चाक फिरत नाही. एकसारखे कठीण गोळे हजारोंनी मिळाल्याशिवाय ही कल्पना कागदावरच राहणार होती. १८६९ च्या पॅरिस–रूआं शर्यतीत जेम्स मूर बॉल बेअरिंगच्या सायकलवर जिंकला. तेव्हापासून सायकलवाल्यांना छर्रे हवेसे झाले, पण स्वस्त छर्रे करणार कोण?

उत्तर श्वाइनफुर्ट या जर्मन गावातून आले. फ्रीडरिख फिशर याने १८८३ मध्ये कडक पोलादाचे छर्रे मोठ्या संख्येने, एकाच मापाचे घासणारे यंत्र बनवले. त्याच्या वडिलांनी पायडलची पहिली सायकल केली असा गावाचा दावा आहे आणि त्यावर अभ्यासकांचे वाद चालतात. मुलाच्या यंत्राबद्दल वाद घालायला जागा नाही. फिशर १८९९ मध्ये वारला. त्याच्या कंपनीची ‘एफएजी’ ही अक्षरे भारतातल्या बेअरिंगांवरही कोरलेली सापडतात, पण ती वाचून फिशर आठवणारे थोडेच.

दुसऱ्या महायुद्धात याच गावावर बॉम्ब पडले. १४ ऑक्टोबर १९४३ च्या हल्ल्यात अमेरिकेने २९१ बी-१७ विमाने पाठवली आणि त्यांतली ६० गमावली. छर्रे बंद पडले की रणगाडे थांबतील असा हिशेब होता. युद्धानंतर अमेरिकनांनीच केलेल्या पाहणीत मात्र जर्मनीच्या महत्त्वाच्या युद्धोत्पादनावर मोजता येईल असा परिणाम आढळला नाही.

अटलांटिकपलीकडे, मॅसॅच्युसेट्समधल्या फिचबर्गला, जॉर्ज सिमंड्स याने वेगळा मार्ग धरला होता. उलटसुलट सरकणाऱ्या दोन डायांमध्ये लोखंडाचा तुकडा गडगडवत त्याला आकार द्यायचा, अशी त्याची १८८५ ची पेटंटे आहेत. खाणीत किंवा सिमेंटच्या चक्कीत दगड फोडणारे मोठे गोळे आज याच घराण्यातल्या पद्धतीने होतात. तापून लाल झालेली सळई मळसूत्री खाचांच्या दोन रोलांमध्ये शिरते आणि दुसऱ्या टोकाला गोळे टपाटप गळतात.

सिमंड्सची कंपनी प्रसिद्ध झाली ती मात्र फ्रेडरिक टेलर या व्यवस्थापन-गुरूमुळे. तिथे छर्रे तपासणाऱ्या मुली होत्या. डाव्या हाताच्या मागच्या बाजूला, दोन बोटांमधल्या घळीत छर्र्यांची रांग ठेवून त्या प्रखर उजेडात त्यांना फिरवत. पोचा, ओरखडा, तडा दिसला की उजव्या हातातल्या लोहचुंबकाने तो छर्रा उचलायचा. टेलरने पुस्तकात अभिमानाने नोंदवले आहे की १२० मुलींचे काम ३५ जणी करू लागल्या, कामाचे तास साडेदहावरून साडेआठवर आले आणि पगार वाढला. याच मजकुरात, फक्त नजर चपळ नाही म्हणून अनेक हुशार, कष्टाळू आणि विश्वासू मुलींना काढावे लागले, असेही तो सहज लिहून जातो. छर्र्यांचा दर्जा या मुलींच्या डोळ्यांवर उभा होता. त्यांतल्या एकीचेही नाव त्याने दिलेले नाही.

काही बेअरिंगांत छर्र्यांऐवजी बसणाऱ्या दंडगोल रोलरची गोष्ट आणखी फसवी. तो बहुधा सेंटरलेस ग्राइंडिंगवर घासतात, म्हणजे टोकांना न पकडता, दोन चाकांमध्ये पट्टीवर नुसता टेकवून. मांडणी थोडी चुकली की रोलरला तीन किंवा पाच पुसट उंचवटे येतात. मायक्रोमीटरने कुठूनही मोजा, व्यास तोच भरतो आणि तरी रोलर गोल नसतो. व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर, म्हणजे व्ही-ब्लॉकवर, ठेवून डायल गेज लावले की चोरी पकडली जाते.

विश्वास बसत नसेल तर पुठ्ठ्यावर समभुज त्रिकोण काढा. कंपासचे टोक एकेका कोनावर ठेवून, बाजूइतक्या अंतराने, समोरच्या दोन कोनांना जोडणारा कंस मारा आणि तो फुगीर त्रिकोण कापून घ्या. दोन समांतर पट्ट्यांमध्ये धरून हवा तसा फिरवा. पट्ट्यांमधले अंतर केसभरही बदलणार नाही.