पॉईंट कमी, तरी प्लेअर भारी? कॉलेजच्या डिफेंडरमध्ये प्रो कबड्डीवाले नेमकं काय बघतात

उमरगा, मुरूम, लोहाऱ्याच्या पट्ट्यात कुठल्याही कबड्डी स्पर्धेला जा. मॅच संपली की पोरं रील कुणाची टाकतात? चढाईपटूची. एका चढाईत तीन गडी मारले की तो हिरो. कोपऱ्यात ४० मिनिटं वाकून उभा राहिलेला डिफेंडर मात्र फ्रेमच्या बाहेर.

अमेरिकन फुटबॉलमध्येही अशीच एक जागा आहे, ऑफेन्सिव्ह लाईनमन. पाच धिप्पाड गडी रांगेत उभे राहून आपल्या क्वार्टरबॅकला वाचवतात. बॉल त्यांच्या हातात क्वचितच येतो आणि स्कोअरबोर्डवर त्यांचं नाव सहसा नसतं. तरीही प्रो टीम कॉलेजमधून असे गडी शोधतात आणि पहिल्या फेरीत निवडतात. आकडे मिळत नाहीत म्हणून ते तासन् तास व्हिडीओ बघतात. पाय कसे पडतात आणि थकल्यावर काय होतं, हे तपासतात.

आपल्या कबड्डीत याच्या सगळ्यात जवळ जाणारे गडी म्हणजे कोपरारक्षक आणि मध्यरक्षक, म्हणजेच कॉर्नर आणि कव्हर.

आता तुम्ही म्हणाल, डिफेंडरला एवढी किंमत असते का?

तर बघा. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली. २०१८ च्या लिलावात एक कोटीचा आकडा पहिल्यांदा गाठला तो इराणच्या फझल अत्राचलीने, यू मुंबाकडून. फझल डावा कोपरारक्षक. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूईवर २ कोटी ३५ लाख लावले. तोही डावा कोपराच. त्याच सीझनला पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली. पुढच्या सीझनला शादलूई हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि हरियाणाही चॅम्पियन झाली. महाराष्ट्राचं नाव घ्यायचं तर गिरीश इरनाक आणि शुभम शिंदे यांनी कोपऱ्यावरच करिअर उभं केलं.

मग कॉलेजच्या पोरात बघायचं काय?

१. पकडींची संख्या नाही, हिशोब. समजा एका पोराने १२ वेळा पकडीचा प्रयत्न केला आणि ५ जमल्या. दुसऱ्याने ४ वेळा केला, ३ जमल्या. गावात पहिल्याचं नाव होईल. पण त्याच्या फसलेल्या ७ पकडींनी समोरच्याला किमान ७ पॉईंट दिले, म्हणजे टीम २ ने मागे. शिवाय तो सात वेळा बाहेर बसला. दुसऱ्याचा हिशोब मात्र २ ने पुढे. घाईत मारलेली पकड, ज्याला कॉमेंटेटर ॲडव्हान्स टॅकल म्हणतात, ती प्रो लेव्हलला महागात पडते.

२. पाय. चढाईपटू निदानरेषा ओलांडून बोनसकडे पाय टाकतो, तेव्हा कोपरारक्षकाला घोटा काढायला अर्धा क्षण मिळतो. पोरगा टाचेवर उभा असेल तर संधी गेली. वजन पंजांवर आहे का, मागे सरकताना पाय एकमेकांत अडकत नाहीत ना, हे बघा.

३. साखळी. कोपऱ्याने घोटा धरला आणि कव्हर अर्धा सेकंद उशिरा आला, तर चढाईपटू ओढत मध्यरेषेला हात लावतो. पकडीचा पॉईंट सहसा पहिला हात घालणाऱ्याच्या नावावर जातो, मागून येऊन चढाईपटूला थोपवणारा कुठेच दिसत नाही. म्हणून जाणकार बॉलमागे धावल्यासारखं चढाईपटूकडे बघत बसत नाही. तो बाकीच्या सहा जणांवर नजर ठेवतो.

४. गडी कमी असताना डोकं. तीन किंवा कमी गडी असताना पकड जमली तर अव्वल पकड, म्हणजे दोन पॉईंट. तिसरी चढाई करो या मरो असते, तेव्हा समोरच्याला यावंच लागतं. अशा वेळी पोरगा थांबतो की झेप घेतो, यावर त्याची समज कळते.

५. वजन आणि मॅट. वरची मर्यादा ८५ किलोची असते. ७० किलोचा १९ वर्षांचा पोरगा असेल, तर उंची आणि हाडपेर बघून अजून ताकद भरेल का, याचा अंदाज घेतात. दुसरी गोष्ट मॅट. मातीवर अनवाणी खेळलेल्या पोराला मॅटवर बूट घालून खेळताना पकडीची वेळच बदललेली वाटते.

६. समोर कोण होतं? तालुक्याच्या स्पर्धेतल्या दहा पकडींपेक्षा आंतरविद्यापीठ स्पर्धेत तगड्या चढाईपटूवर मारलेल्या दोन पकडी जास्त बोलतात.

उमरग्याच्या पोरासाठी रस्ता साधारण असा. कॉलेजची टीम, मग डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची निवड, मग पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. समांतर रस्ता जिल्हा आणि राज्य संघाचा. प्रो टीम लिलावाबाहेरूनही तरुण खेळाडू न्यू यंग प्लेअर म्हणून घेतात. लिलावात सगळ्यात खालच्या ‘ड’ गटाची मूळ किंमत ११ व्या सीझनला ९ लाख होती. शेतीवर चालणाऱ्या घरासाठी हा आकडा छोटा नाही. पण लिलावात नाव असलेल्या प्रत्येकाला टीम मिळत नाही आणि गुडघा गेला तर सगळंच थांबतं. म्हणून डिग्री सोडून खेळ हा सौदा कुणी करू नये.

धाराशिव जिल्ह्याने खो-खोत हे करून दाखवलंय. इथल्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. गुणवत्ता इथे आहेच, बघणारी नजर पाहिजे.

तुमच्या गावात असा डिफेंडर असेल तर एक काम करा. फोन उंचावर ठेवा आणि चढाईपटूमागे न फिरवता डिफेन्सचे सातही गडी फ्रेममध्ये घेऊन पूर्ण मॅच शूट करा. फसलेल्या पकडीही कापू नका, कारण निवडणारा त्याच आधी बघतो.